ज्युनिअर केजीवर एक दिवसाची बदली: काय विचारून ठेवू?

खडूफळा: उद्या ज्युनिअर केजीच्या बाई रजेवर, वर्ग माझ्याकडे. 28 मुलं, साडेतीन तास. तयारी काय करू?

शेंगदाणा: आधी मदतनीस मावशींना गाठा, खरं वेळापत्रक त्यांच्याच डोक्यात असतं. कुणाला कशाची अ‍ॅलर्जी, कोण व्हॅनने जातं, कुणाला न्यायला कोण येतं हे कागदावर लिहून घ्या. अनोळखी माणूस आला तर ऑफिसातून पालकांना फोन झाल्याशिवाय मूल सोडू नका.

पाटीपेन्सिल: बैठं काम 10 मिनिटांच्या वर नको. मग उठवा, बेडूकउड्या, बडबडगीत, काहीही. शू-ला डब्याआधी सहा-सहाच्या गटाने न्या. "कुणाला जायचंय?" विचारलंत की अख्खा वर्ग उभा!

शेंगदाणा: आणि फेविकॉलची बाटली हातात देऊ नका. झाकणात चमचाभर, चौघांत एक.

मातीचा गोळा: रडणाऱ्याला "आई आत्ता येईल" म्हणू नका, दर पाच मिनिटांनी दाराकडे पळेल. "आधी डबा, मग गोष्ट, मग आई" असा क्रम सांगा, त्याला तो मोजता येतो. नवी शिस्त आणू नका, बाईंचीच चालू द्या. दप्तरं सुटण्याआधी 15 मिनिटं भरायला घ्या. डब्यांची झाकणं हमखास अदलाबदल झालेली असतात.