शब्दचर्चा : ‘गोपनीयता’ की ‘खासगीपणा’?

प्रश्न : आमच्या गृहनिर्माण संस्थेने प्रवेशद्वारावरची नोंदवही बंद करून मोबाइल अ‍ॅप सुरू केले आहे. अ‍ॅपमध्ये ‘गोपनीयता धोरण’ असे लिहिले आहे, तर वर्तमानपत्रांत ‘खासगीपणाचा अधिकार’ असेही वाचायला मिळते. सभासदांसाठी मराठीत सूचनापत्र काढायचे असल्याने विचारतो : हे शब्द समानार्थी मानावेत का?

उत्तर : मानू नयेत. मंत्री पदाची व गोपनीयतेची शपथ घेतात, प्रश्नपत्रिका गोपनीय असते, कर्मचाऱ्याविषयी गोपनीय अहवाल लिहिला जातो. या सर्व ठिकाणी माहिती कोणाच्या तरी ताब्यात असते आणि ती न फोडण्याचे बंधन त्या ताबेदारावर असते. माहिती ज्याच्याविषयी आहे त्याच्या इच्छेला या शब्दात स्थान नाही. पूर्वी तर गोपनीय अहवाल ज्याच्याविषयी असे त्यालाच तो सहसा वाचायला मिळत नसे.

‘खासगी’चे घराणे निराळे आहे. होळकरांच्या राज्यात ‘दौलत’ (राज्याचा खजिना) आणि ‘खासगी’ असे दोन स्वतंत्र हिशेब असत आणि अहिल्याबाईंनी काशीपासून रामेश्वरापर्यंत केलेल्या धर्मकार्याचा खर्च खासगीतून झाला, दौलतीतून नव्हे. म्हणजे राज्याच्या हिशेबाबाहेरचे, स्वतःच्या मर्जीने चालणारे क्षेत्र हा अर्थ त्या शब्दात फार आधीपासून मुरलेला आहे. निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी 24 ऑगस्ट 2017 रोजी एकमताने जो मूलभूत अधिकार मान्य केला आणि प्रामुख्याने राज्यघटनेच्या अनुच्छेद 21 शी, म्हणजे जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काशी, जोडला, त्याला म्हणूनच ‘खासगीपणा’ हा शब्द अधिक शोभतो.

तुमच्याच संस्थेतले उदाहरण घ्या. सचिवांनी सभासदांचे मोबाइल क्रमांक एखाद्या विक्रेत्याला दिले, तर गोपनीयतेचा भंग झाला. शेजाऱ्याने स्वतःचा कॅमेरा तुमच्या दाराकडे रोखला, तर कोणतेही गुपित फुटलेले नसले तरी खासगीपणावर आक्रमण झालेच. व्हॉट्सअ‍ॅपवरचा मजकूर 2016 पासून दोन्ही टोकांना कुलूपबंद असतो, त्यामुळे तो गोपनीय राहतो. परंतु कोण कोणाशी, केव्हा आणि किती वेळा बोलले याची नोंद कुलपाबाहेरच उरते. तेथे ‘गोपनीयता’ हा शब्द तोकडा पडतो.

आणखी एक मत : ‘खासगी’ म्हटले की लोकांना खासगी शाळा आणि खासगी बस आठवते. ‘एकांताचा अधिकार’ का म्हणू नये?

उत्तर : आक्षेप रास्त आहे, पण ‘खासगी बाब’ आणि ‘खासगी बोलणे’ हेही आपण रोज म्हणतोच. एकांताला माणसांपासून दूर जावे लागते. खासगीपणा दोनशे जणांच्या गटातही हवा असतो. देखभाल खर्चाची थकबाकी सूचनाफलकावर लागत असे तेव्हा ती जिन्यातून जाणाऱ्यांनीच वाचली. तीच यादी व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकली की तिचे छायाचित्र सभासदांच्या नातेवाइकांपर्यंत पोहोचते. थकबाकी तीच, परंतु तिचा वाचक बदलला, आणि तो निवडण्यात सभासदाचा काहीही हात नव्हता.

सूचनापत्रात त्याहून महत्त्वाचा शब्द ‘संमती’ हा आहे. ‘मौनं संमतिलक्षणम्’ हे वचन आपल्या सभांना फार सोयीचे असले, तरी 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याला ते चालत नाही. त्याला मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, विनाअट आणि निःसंदिग्ध संमती हवी, तीही स्पष्ट कृतीतून दिलेली. संमती मागणारी सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याची सोयही त्याच कायद्यात आहे, तेव्हा मराठी मसुदा जड करून ठेवण्यास सबब उरत नाही. ‘गोपनीयता धोरणास अधीन राहून’ असली वाक्ये टाळून सरळ लिहावे : ‘आपला क्रमांक पाहुणा आल्याची वर्दी देण्यासाठीच वापरला जाईल, दुसऱ्या कोणास दिला जाणार नाही, आणि आपण सांगताच काढून टाकला जाईल.’