बोंडूच्या इथेनॉलला बायोगॅसची जोड हवीच

सिंधुदुर्गात काजूच्या बोंडूपासून (काजूबीला जोडलेल्या रसाळ फळापासून) इथेनॉल काढले, तर मागे उरणाऱ्या आंबट पाण्याचे काय करायचे, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. रसात साधारण १० टक्के साखर धरली, तर १०० लिटर रसातून हिशेबाने जास्तीत जास्त साडेसहा लिटर इथेनॉल मिळेल. म्हणजे प्रत्येक लिटरमागे १४-१५ लिटर पाणी उरेल, आणि ते तसेच वहाळात सोडले तर कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवून मासे मारील.

मात्र इथेनॉलमध्ये कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन एवढेच जाते. नत्र, स्फुरद आणि पालाश ही झाडांची अन्नद्रव्ये मागेच राहतात. हे पाणी व चोथा बायोगॅस संयंत्रात घातल्यास त्यातून निघणारा मिथेन वायू ऊर्ध्वपातनाच्या (इथेनॉल उकळून वेगळे करण्याच्या) भट्टीला इंधन म्हणून वापरता येतो आणि उरलेली स्लरी (पातळ खत) काजूच्या आळ्यात परत जाते. जांभ्याच्या, दर पावसाळ्यात धुऊन निघणाऱ्या आपल्या जमिनीला तिची फार गरज आहे. फक्त ती पावसाचा जोर ओसरल्यावर घालावी.

खरी अडचण हंगामाची आहे. बोंडू उन्हाळ्यातले मोजके महिनेच मिळतात, तर मिथेन तयार करणारे जिवाणू वर्षभर जगवावे लागतात, म्हणून एरवी शेण आणि खानावळींतले खरकटे यांची सोय आधी करावी. शिवाय या जिवाणूंना आम्ल सोसत नाही. हंगाम सुरू होताच सगळे पाणी एकदम न ओतता ते शेणकाल्यात मिसळून, रोज थोडे थोडे वाढवत न्यावे.