जी५ लॅपटॉपमध्ये मावलाच नाही
ॲपलने २००५ मध्ये मॅक संगणकांच्या प्रोसेसरसाठी आयबीएमला सोडून इंटेल निवडलं ते फक्त स्वस्त पडतं म्हणून, हे मला पटत नाही. खरं दुखणं उष्णतेचं होतं. वर्षभरात ३ गिगाहर्ट्झचा जी५ (आयबीएमचा प्रोसेसर) देऊ, असं स्टीव्ह जॉब्झनी २००३ मध्ये जाहीर सांगितलं होतं. २००४ मध्ये गाडी २.५ वरच अडली, आणि तोही थंड ठेवायला पॉवर मॅक या डेस्कटॉपच्या पेटीत द्रव फिरवणाऱ्या नळ्या बसवाव्या लागल्या. असला प्रोसेसर लॅपटॉपमध्ये कसा घालणार? पॉवरबुक (ॲपलचा लॅपटॉप) शेवटपर्यंत आधीच्या जी४ प्रोसेसरवरच राहिलं. दर वॅटमागे किती काम होतं, हा हिशोब इंटेलकडे पुढच्या काही वर्षांसाठी सरस दिसत होता. जुनं सॉफ्टवेअर इंटेलवर चालेल का ही काळजी रास्तच, पण रोझेटाने (जुने प्रोग्राम इंटेलसाठी भाषांतरित करणारी ॲपलची सोय) बरेचसे प्रोग्राम चालवले की! क्लासिक (मॅक ओएस ९ चे प्रोग्राम चालवायची सोय) मात्र गेलं, त्याची हळहळ अजून वाटते.