नंदुरबारचे नऊ निकाल : तुमच्या घरात काय झालं?

१९८१च्या पोटनिवडणुकीत काँग्रेसचे माणिकराव गावित पहिल्यांदा लोकसभेत गेले, तेव्हा नंदुरबार धुळे जिल्ह्यातला एक तालुका होता. तिथून २००९पर्यंत सलग नऊ वेळा तेच खासदार. २०२२मध्ये ते वारले. त्या निवडणुका तुमच्या घरात, गावात कशा झाल्या ते लिहा. भाषणं नकोत.

धडगाव, निवृत्त शिक्षक : १९९१ला सातपुड्यातल्या एका पाड्यावर माझी ड्यूटी होती. जीप जाईल तिथपर्यंत जीप, पुढे पेटी डोक्यावर. मशीन नव्हतं, कागदी मतपत्रिका आणि रबरी शिक्का. आमचा अर्धा दिवस घडी शिकवण्यात गेला. आधी उभी, मग आडवी, नाहीतर ओली शाई दुसऱ्या चिन्हावर उमटते आणि मत बाद. एका म्हातारीने शिक्का मारून कागद उघडाच माझ्यापुढे धरला, बरोबर आहे का बघ म्हणून! मी मान फिरवली. उमेदवाराचं नाव विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. पंजा मात्र ठाऊक होता.

शहादा : वडील कमळवाले, आई पंजावाली. दोघं एकाच बैलगाडीतून मत द्यायला जायची. निकालानंतर महिनाभर आई जेवायला वाढताना ‘माझा खासदार’ म्हणायची.

नवापूर : आमच्याच तालुक्याचा माणूस. जून २००९मध्ये ते लोकसभेचे हंगामी अध्यक्ष होते. अडवाणी, सोनिया गांधी शपथ घेतायत आणि वर खुर्चीत माणिकराव! चहाच्या टपरीवर टीव्हीचा आवाज कुणी कमी करू देईना.

नंदुरबार : तीच २००९ची निवडणूक चाळीसेक हजारांवर आली होती, हे विसरू नका. समोर समाजवादी पक्षाचे शरद गावित, सायकल. मतं तिघांत फुटली म्हणून निभावलं, असं माझं मत. २०१४ला भाजपच्या डॉ. हीना गावितांनी लाखाहून जास्त मतांनी हरवलं, ते अचानक नव्हतं.

धडगाव, निवृत्त शिक्षक : शहादेकर, मग २०१४ला घरी काय झालं?

शहादा : १६ मेला वडिलांनी किलोभर जिलबी आणली. आईने हात लावला नाही. रात्री डबा झाकून ठेवला, सकाळी उघडला तर चार-पाच कमी. वडील काही बोलले नाहीत.