फक्त फुटबॉलचं दुकान कोल्हापुरात टिकवायचं कसं? सल्ला द्या

पेठेतला_दुकानदार
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात माझं छोटं दुकान आहे, फक्त फुटबॉलचं. स्टड म्हणजे तळाला दाणे असलेले फुटबॉलचे बूट, बॉल, शिनगार्ड, गोलीचे ग्लोव्हज, तालमींच्या (आमच्याकडं फुटबॉलचे संघ तालमींच्या नावानंच खेळतात) जर्सी, बास. शाहू स्टेडियमवर केएसएची (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) लीग सुरू झाली की दुकानात पाय ठेवायला जागा नसते, आणि मेच्या शेवटाला स्पर्धा संपून वळीव पडायला लागला की दिवसभरात चार माणसं आली तरी पुष्कळ. पोरं येतात, तीन-चार जोड घालून बघतात, नंबर नक्की झाला की बाहेर जाऊन मोबाईलवर ऑर्डर टाकतात, तिथं तोच बूट दोन-तीनशेनं स्वस्त असतो आणि मला खरेदीतच तो भाव पडत नाही. शिवाय तालीम मंडळांची उधारी, जर्सी घालून सीझन संपला तरी पैसे यायचे असतात. घरचे म्हणतात बॅट, कॅरम, डंबेल ठेव, सगळे तेच करतात. पण मला फुटबॉलचंच दुकान चालवायचंय. कुठल्या मैदानावर कुठला स्टड, रुंद पायाला कुठला बूट बसतो हे मला कळतं आणि पोरांना ते दुसरीकडे कुणी सांगत नाही. तुमच्यात कुणी एकाच खेळाचं दुकान चालवत असेल तर मोकळेपणानं सांगा, आणि गिऱ्हाईक म्हणून काय वाटतं तेही सांगा.

जुना_हाफबॅक
भावा, पहिलं सांगतो, बॅट ठेवू नकोस. बॅटवाली दुकानं शहरात ढीगभर आहेत, फुटबॉल कळणारं दुकान बोटावर मोजण्याइतकं. मी पेठेतल्या तालमीकडून खेळलोय, आमच्या वेळी सीनियर देईल तो बूट घालायचा, नंबर मोठा असला तर पुढं कापूस कोंबायचा. आता पोरं व्हिडिओ बघून लांब ब्लेडचा एफजी (फर्म ग्राउंड) स्टड मागतात आणि शाळेच्या टणक मुरमाड ग्राउंडवर घालतात, तो स्टड गवताच्या ग्राउंडसाठी आहे, मुरमात रुततच नाही, मग घोटा मुरगळतो आणि टाचेखाली दुखायला लागतं. अशा पोराला बारीक रबरी दाण्याचा टर्फ बूट हातात देणारा माणूस पाहिजे. हे तू काउंटरवर तर सांगतोच असशील, पण पोरगं खेळतं कुठं हे विचारल्याशिवाय बूटच काढू नकोस, हीच सवय लाव. २०१७ च्या अंडर-१७ वर्ल्ड कपला आपला अनिकेत जाधव खेळला तेव्हापासून आईबापसुद्धा बूट घ्यायला सोबत यायला लागलेत, त्यांना भावापेक्षा पोराच्या पायाची काळजी जास्त असते.

दुसरी गोष्ट जपून सांगतो. तू कुठल्या तालमीचा आहेस ते दुकानात दिसू देऊ नको. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस, फुलेवाडी, सगळ्यांच्या जर्सी एका ओळीत लाव नाहीतर एकाचीही लावू नको. मॅचला राडा झाला की दुसऱ्या दिवशी पेठेत त्याचीच चर्चा, आणि एकदा का 'ते त्यांचं दुकान' असं नाव पडलं की अर्धं गाव आत येत नाही.

तिसरं म्हणजे दुरुस्ती. सोल उचकटला की पोरं बूट टाकून देतात. सुभाषनगरात चपला शिवणारे इतके पट्टीचे कारागीर आहेत, त्यातल्या एकाशी ठरव, नुसतं सोल्युशन नको, कडेनं शिलाई मारून घे. बॉलमध्ये हवा भरणं, व्हॉल्व्हला तेल, ब्लॅडर बदलून शिवणं, हे सगळं दुकानात कर. दुरुस्तीला आलेलं पोरगं मोजे घेऊनच जातं.

डोंगरवाट_पुणे
मी पुण्यात ट्रेकिंगच्या सामानाचं दुकान चालवतो, त्यामुळे घालून बघून ऑनलाइन घेणारे मला रोज भेटतात. माझ्या अनुभवानं भावात लढायचंच नाही. आम्ही काय केलं, ऑनलाइन ज्यांचे सारखे सेल लागतात ती मॉडेल ठेवणं कमी केलं आणि जालंधरच्या मेकरकडून थेट माल घ्यायला लागलो, तुमच्या बॉल आणि शिनगार्डला तर जालंधर-मेरठ सोडून कुठं जायची गरजच नाही. बूट बघायचे शंभर रुपये घ्यायचे आणि खरेदी केली की वजा करायचे, असंही काही ठिकाणी करतात, विचार करून बघा. अजून एक, २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारापर्यंतच्या बुटांवर जीएसटी ५ टक्के आहे, त्यापेक्षा महागाला १८ टक्के, तर तुमचा मुख्य माल अडीच हजाराच्या आत बसतो का बघा आणि तो फरक गिऱ्हाइकाला बिलावर दिसू दे.

पावसाळ्याचं म्हणाल तर जुलैत पन्हाळा-पावनखिंड मोहिमेला तुमच्याकडूनच किती मंडळं निघतात! चिखलात पकड धरणारे बूट, पोंचो, बॅगेचं कव्हर एवढं एक शेल्फ दोन महिन्यांसाठी लावा, दुकान फुटबॉलचंच राहील.

जुना_हाफबॅक
पुणेकर दादा, बाकी सगळं पटलं पण बूट बघायचे शंभर रुपये कोल्हापुरात नाही चालणार. पेठेत दुसऱ्या दिवशी सगळीकडे होईल की ह्याच्याकडं बूट बघायलाबी पैसे लागतात. पोरानं आज ऑनलाइन घेतला तरी घेऊ दे, चावला की तुझ्याकडंच येणार.

आई_गोलकीपरची
मी पालक म्हणून लिहिते. माझी मुलगी गोलकीपर आहे, तिच्या पायाला तीन नंबर लागतो आणि ग्लोव्हज पाच नंबरचे. सगळ्या दुकानांत उत्तर एकच, लहान मुलांचं बघा किंवा मागवून देतो, आणि मागवलेलं महिनाभर येत नाही. ऑनलाइन दोनदा मागवले, दोन्ही वेळा नंबर चुकला आणि परत पाठवण्यात मॅच गेली. दादा, तुम्ही नुसतं मुलींच्या नंबरांचं एक शेल्फ जरी कायम भरलेलं ठेवलंत ना, तर आमचा सगळा पालकांचा ग्रुप तुमच्याकडे येईल, दोनशे रुपये जास्त गेले तरी चालतील. आणि मुलांचे पाय सहा-आठ महिन्यांत वाढतात, बूट चांगला असतो पण बसत नाही. असे बूट दुकानात आणून द्यायचे, तुम्ही साफ करून कमी किमतीत ज्याला परवडत नाही त्याला द्यायचे, असं काही करता येईल का? आमच्या अकॅडमीत बरीच मुलं अनवाणी किंवा कॅनव्हासवर येतात हो. मी स्वतः दर रविवारी येऊन बूट लावायला मदत करीन.

हिशेब_पक्का
मी जर्सी प्रिंटिंगमध्ये आहे, इचलकरंजी. उधारीवर बोलतो. मंडळ पैसे बुडवत नाही, मंडळाकडे पैसे नसतातच. जर्सीचे पैसे छातीवर ज्याचं नाव असतं तो देतो, सराफ असो, बिल्डर असो नाहीतर नगरसेवक. तर बिल थेट स्पॉन्सरच्या नावानं कर, डिझाइन फायनल करताना त्याला समोर बसव आणि निम्मे ॲडव्हान्स आल्याशिवाय कापड कटिंगला टाकू नको. कापड आम्ही तिरुपूरकडून घेतो, सब्लिमेशनला (उष्णतेनं रंग कापडातच उतरवायची छपाई) एकदा नाव-नंबर छापला की तो माल दुसऱ्या कुणाला विकता येत नाही हे मंडळाला सरळ सांगायचं, रागावत नाहीत, त्यांनाही माहिती असतं.

आणि पावसाळा रिकामा कसा म्हणतोस? सुब्रतो कपच्या (शाळांची फुटबॉल स्पर्धा) तालुका-जिल्ह्याच्या मॅचेस त्याच दिवसांत असतात, शाळांना बॉल, नेट, किट सगळं लागतं. जूनच्या आधी क्रीडाशिक्षकांना भेट, कोटेशन दे. बारक्या पोरांना पाच नंबरचा बॉल खपवू नको, चार नंबरचा दे, ४१० ते ४५० ग्रॅमचा मोठा बॉल दहा वर्षांच्या पोराला जड जातो. शाळेत एकदा खरं बोलणारा दुकानदार म्हणून नाव झालं की ते नाव वर्षानुवर्षं चालतं.

पेठेतला_दुकानदार
सगळ्यांचे मनापासून आभार. बॅट आणि कॅरमचा विषय घरी आजच संपवला. ताई, मुलींचं शेल्फ नक्की, तीन, चार आणि पाच नंबर स्टड आणि पाच-सहाचे ग्लोव्हज या महिन्याच्या मालातच लिहिलेत. जुन्या बुटांचं रविवारी करू, पण फुकट नको, पोरगं पन्नास रुपये तरी देऊ दे म्हणजे तो बूट त्याचा होतो, तुम्हाला काय वाटतं? जुन्या हाफबॅक दादा, सुभाषनगरात तुमच्या ओळखीचं कोण असेल तर मेसेज करा. सगळ्या तालमींच्या जर्सी लावायच्या तर भिंत कमी पडतीय, छतालाच दोरी बांधून लावतो. आणि हिशेबवाले भाऊ, स्पॉन्सर बिल नको म्हणाला, रोखीनं देतो म्हणाला तर तुम्ही काय करता? दोन मंडळांचं तिथंच अडलंय.

हिशेब_पक्का
रोख दिली तरी बिल फाडायचंच, नको म्हणाला तर ऑर्डर घ्यायची नाही. मंडळाचा अध्यक्ष आणि खजिनदार दोघांच्या सह्या ऑर्डर फॉर्मवर घे. फॉर्मचा नमुना पाठवतो रात्री.