मदत हवी आहे: कोकणातल्या दमट हवेत फॉस्फोफिलाइट कसं जपावं?

नमस्कार मंडळी,
आजवर माझ्या कपाटात जळगाव-नाशिककडचे स्टिल्बाइट आणि अपोफिलाइट या खनिजांचे नमुनेच होते. मागच्या वर्षी पहिल्यांदाच फॉस्फोफिलाइटचा नमुना घेतला, बोलिव्हियातल्या पोतोसीचा. निळसर-हिरवा स्फटिक जेमतेम 6 मिमीचा, पण उजेडात धरला की नजर हटत नाही. खाली पायराइटचा (लोखंड आणि गंधकाचं खनिज) थर आहे.

फॉस्फोफिलाइट म्हणजे जस्त आणि लोखंडाचं फॉस्फेट, रचनेत पाणी असलेलं. 1920 मध्ये जर्मनीतल्या हागेनडॉर्फच्या नमुन्यांवरून त्याचं वर्णन झालं, तरी देखणे स्फटिक पोतोसीचेच. मोह्सच्या 1 ते 10 मापावर कठिणता फक्त 3 ते 3.5, शिवाय जरा धक्का लागला की पापुद्रा सुटतो. नावातलं ‘फिलॉन’ म्हणजे ग्रीकमध्ये पान, ते उगाच नाही.

मी रत्नागिरीत राहतो. या पावसाळ्यात पायराइटच्या कडेला पांढरट भुकटी दिसू लागलीय. ओलाव्याने पायराइट कुजलं की आम्ल तयार होतं, आणि हे फॉस्फेट आम्लात विरघळतं. जीव टांगणीला लागलाय. सध्या सिलिका जेल घालून हवाबंद डब्यात ठेवलंय.

भुकटी मऊ कोरड्या ब्रशने झटकू का? की पायराइट कापून वेगळं करावं? कापताना स्फटिक चिरेल अशी भीती वाटते. कोणी असा नमुना सांभाळला असेल तर कृपया सविस्तर सांगा.