झिम्बाब्वेचे कलाकार आणि त्यांचे श्रोते: पाठिंबा हे कर्तव्य मानावे का?

दूरदेशी

नोकरीच्या निमित्ताने माझी काही वर्षे झिम्बाब्वेची राजधानी हरारे येथे गेली. परतल्यानंतरही तिथल्या गायकांच्या आणि नटांच्या बातम्या मी नेमाने वाचतो, आणि त्या वाचताना एकच वाद पुन्हा पुन्हा समोर येतो: झिम्बाब्वेचे लोक आपल्या कलाकारांच्या पाठीशी उभे राहतात की नाही? एका बाजूचे म्हणणे असे की, परदेशी गायक आला की महागडी तिकिटे हातोहात खपतात आणि आपल्या माणसाचा कार्यक्रम असला की फुकट पासाची चौकशी सुरू होते. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की, श्रोता गाणे आवडते म्हणून ऐकतो, गाणारा कुठला आहे हे पाहून नव्हे. मी पहिल्या बाजूचा आहे.

गायक ऑलिव्हर म्टुकुड्झी, ज्यांना सगळा देश ‘टुकू’ म्हणत असे, 23 जानेवारी 2019 रोजी गेले. सरकारने त्यांना राष्ट्रीय वीराचा दर्जा दिला. हा मान मिळालेले ते पहिलेच संगीतकार. माडझिवा या त्यांच्या मूळ गावी अंत्यविधीला हजारो माणसे लोटली. हे सारे योग्यच झाले. परंतु याच टुकूंनी हरारेजवळच्या नॉर्टनमध्ये ‘पाकारे पाये’ हे कलाकेंद्र पदरमोड करून उभारले होते, कारण नवशिक्या मुलांना वाद्ये, तालमीची जागा आणि रंगमंच मिळण्याची दुसरी सोय फारशी नव्हती. जे काम साऱ्या समाजाने वाटून घ्यायचे, ते एका गायकाच्या अंगावर पडले. पुढे 16 फेब्रुवारी 2021 रोजी सोल जाह लव्ह हा झिमडान्सहॉलचा, म्हणजे जमैकाच्या डान्सहॉलच्या झिम्बाब्वेतल्या अवताराचा, लाडका गायक मधुमेहाने ऐन तिशीत गेला, तेव्हा पुन्हा तसाच शोक झाला, पुन्हा सरकारी मान मिळाला.

हरारेच्या मध्यवस्तीत फुटपाथवर प्लास्टिक अंथरून सीडी विकणारी मुले मी रोज पाहत असे. पातळ प्लास्टिकच्या पाकिटात घातलेली तबकडी, रंग उडालेल्या छायाप्रतीचे मुखपृष्ठ, आणि तेच गाणे मोठ्याने वाजवणारा बॅटरीवरचा स्पीकर. गिऱ्हाईक उभ्याउभ्या गाण्याच्या ओळी म्हणत असे, एक डॉलर देत असे आणि खुशीत निघून जात असे. त्या डॉलरमधला एक सेंटही गायकाकडे जात नव्हता. पुढे ती जागा मेमरी कार्डांनी आणि व्हॉट्सॲपने घेतली. गायकाचा वाटा तेवढाच, म्हणजे शून्य, राहिला. ज्या माणसाची गाणी लग्नात, मिनीबसमध्ये आणि दारूच्या गुत्त्यावर दिवसरात्र वाजतात, त्याच्या कष्टाचे मोल देणे हे मी कर्तव्यच मानतो. त्याला उपकार म्हणणे मला पटत नाही.

पारंबी

तळमळ पोहोचली, पण निष्कर्षाशी मी सहमत नाही. चोरीच्या सीडीचा मुद्दा कायद्याचा आहे आणि त्यात दुमत असण्याचे कारण नाही. तुम्ही मात्र त्यावरून एकदम श्रोत्याच्या कर्तव्यावर आलात, आणि तिथे माझी हरकत आहे.

2008 मध्ये ज्या देशाचे चलन अक्षरशः कागद झाले, लोकांची आयुष्यभराची बचत बुडाली, आणि 2009 पासून ज्यांना परक्या देशाचा डॉलर खिशात घेऊन जगावे लागले, त्या लोकांना आपण तिकीट काढत नाही म्हणून दोष द्यायचा का? त्या माणसाने एक डॉलर गाण्यावर खर्च केला, यातच त्याचे प्रेम दिसते. अस्सल प्रत विकत घ्यायची ऐपत आणि सोय दोन्ही नसताना तो चोरीच्या प्रतीकडे वळला. त्याला पर्याय देणे हे ध्वनिमुद्रण कंपन्यांचे आणि सरकारचे काम होते.

आणखी एक. जे गाणे लोकांच्या काळजाला भिडले, त्याला पाठिंब्याची मोहीम कधी लागली नाही. सुंगुरा हा झिम्बाब्वेचा गिटारप्रधान नाचाचा संगीतप्रकार घ्या. लिओनार्ड डेम्बो 1996 मध्ये गेले, पण लग्नसमारंभात त्यांची गाणी अजून वाजतात. अलिक माचेसो यांची बास गिटार गाण्यात मागे राहून साथ करत नाही, ती पुढे येऊन स्वतःची धून वाजवते, आणि ती ऐकायला खेडोपाडी, खाणींच्या वस्त्यांत आणि शहरातल्या बिअर हॉलमध्ये माणसे पहाटेपर्यंत नाचत उभी राहतात. झिमडान्सहॉल तर हरारेतल्या म्बारेसारख्या दाट वस्तीतल्या घरगुती स्टुडिओंमधून वर आले. एक संगणक, एक मायक्रोफोन, आवाज घुमू नये म्हणून भिंतीला लावलेले काहीबाही, आणि एका निर्मात्याने तयार केलेला एकच ठेका, ज्यावर वस्तीतली डझनभर मुले आळीपाळीने आपापली गाणी म्हणतात. ज्याचे गाणे मिनीबसच्या चालकांनी उचलले तो गायक झाला. यात देशभक्तीचे आवाहन कुठेच नव्हते. होती ती उघड स्पर्धा, आणि म्हणूनच त्या गाण्यांत जीव आहे.

‘आपला आहे म्हणून ऐका’ असे सांगितले की कलाकाराची निम्मी लढाई आपणच हरवतो, कारण ऐकणाऱ्याच्या मनात पहिली शंका हीच येते की गाणे स्वतःच्या बळावर उभे राहणारे नसावे.

रानवाट

पारंबी, उघड्या स्पर्धेची गोष्ट ऐकायला सरळ वाटते, पण इतिहास तितका सरळ नाही. 2001 च्या प्रसारण कायद्यानंतर, जोनाथन मोयो माहितीमंत्री असताना, झिम्बाब्वेच्या नभोवाणीवर 75 टक्के स्थानिक साहित्याची सक्ती आली. तोपर्यंत शहरी तरुणांचे केंद्र मुख्यतः अमेरिकी आणि ब्रिटिश गाणी वाजवत असे. एकाएकी दिवसाचे कितीतरी तास भरायला स्थानिक गाणी हवी झाली, आणि तेवढी गाणी कुणाकडे तयार नव्हती. त्या पोकळीत हरारेची कॉलेजवयीन मुले शिरली. अमेरिकी आर अँड बी आणि हिपहॉपच्या चाली, त्यावर देशातल्या बहुसंख्यांच्या शोना भाषेतले शब्द, संगणकावर केलेले संगीत. यातूनच ‘अर्बन ग्रूव्ह्ज’ जन्माला आले. सुरुवातीची बरीच गाणी कच्ची होती, अनुकरण होते, लोकांनी नावेही ठेवली. पण त्या काळात घरच्या घरी ध्वनिमुद्रण करण्याची जी सवय आणि जे कसब आले, त्याच पायावर पुढे झिमडान्सहॉलचे घरगुती स्टुडिओ उभे राहिले, असे माझे मत आहे. म्हणजे तुम्ही ज्या स्पर्धेचे कौतुक करता, तिचे मैदान आखले गेले ते सक्तीने.

माणूस जे सतत ऐकतो तेच त्याला आवडू लागते. नभोवाणीवर दिवसभर परदेशी गाणी लावायची आणि मग श्रोत्यांची आवडच परदेशी आहे असा निर्वाळा द्यायचा, याला मी निवड म्हणणार नाही.

पारंबी

रानवाट, सक्तीचा अर्धाच इतिहास तुम्ही सांगितलात. त्याच काळात नभोवाणीवर सरकारी महामंडळाची मक्तेदारी होती. स्टार एफएम आणि झीएफएम ही केंद्रे सुरू झाली ती 2012 मध्ये. स्थानिक गाणी वाजवा असे सांगणाऱ्यांनी स्थानिकांपैकी कुणाला वाजवायचे हेही ठरवले.

गायक थॉमस मापफुमो यांच्याइतका स्थानिक कलाकार शोधून सापडणार नाही. म्बिरा हे लाकडी फळीवर लोखंडी पट्ट्या बसवलेले, अंगठ्यांनी आणि बोटाने वाजवायचे वाद्य. पितरांना आवाहन करण्याच्या विधीत ते वाजते. मापफुमो यांनी आणि त्यांच्या वादकांनी त्याच्या सुरावटी इलेक्ट्रिक गिटारवर आणल्या, तळहाताने तारा दाबून धरत, म्हणजे सूर लांबत न जाता पट्टीवर बोट पडल्यासारखा तुटक येतो. खुळखुळ्यासारख्या होशोचा ठेका ड्रमच्या झांजांवर आला. या गाण्यांनी स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात लोकांना धीर दिला आणि गोऱ्या राजवटीने मापफुमो यांना तुरुंगात टाकले. एप्रिल 1980 मध्ये स्वातंत्र्याच्या सोहळ्यासाठी रुफारो स्टेडियमवर बॉब मार्ली आले, तेव्हा मापफुमोही गायले. पुढे 1989 मध्ये त्यांनी भ्रष्टाचारावर गाणे केले आणि नव्या राज्यकर्त्यांनाही ते नकोसे झाले. जेव्हा नभोवाणीवर स्थानिक गाण्यांचा पूर आला होता, तेव्हा ते अमेरिकेत ओरेगनमध्ये राहत होते आणि सरकारवर टीका करणारी त्यांची गाणी सरकारी केंद्रांवर वाजत नव्हती. एप्रिल 2018 मध्ये ते हरारेत परत गायले, तेव्हा त्यांच्यासाठी जमलेल्या गर्दीला कुणी कर्तव्याची आठवण करून दिली नव्हती.

सांजवेळ

या चर्चेत ‘स्थानिक’ म्हणजे हरारेचा, शोना भाषेत गाणारा, असे सगळ्यांनी धरून चालल्यासारखे दिसते. नैर्ऋत्येकडच्या, एन्डेबेले भाषा बोलणाऱ्या बुलावायो शहराच्या लोकांची जुनी व्यथा नेमकी हीच आहे. लव्हमोर माजायवाना हे एन्डेबेले भाषेतले फार मोठे गायक. 2000 च्या सुमारास ते निराश होऊन अमेरिकेला गेले आणि त्यांनी गाणेच सोडले. आज बुलावायोत त्यांची गाणी लागली की माणसे उठून नाचतात, पण ज्या काळात त्यांना आधार हवा होता, तेव्हा तो पुरेसा मिळाला नाही.

तिथला श्रोता दक्षिण आफ्रिकेचे संगीत ऐकतो, कारण झुलू आणि एन्डेबेले या सख्ख्या बहिणी आहेत, आणि घरातला कुणी ना कुणी जोहान्सबर्गला कामाला असतो. त्या श्रोत्याला हरारेचे शोना गाणे ‘आपले’ आणि जोहान्सबर्गचे झुलू गाणे ‘परके’ असे सांगायला जाणे धाडसाचे आहे. उलट झिम्बाब्वेतल्या मुतारे शहराची गायिका शा शा जोहान्सबर्गच्या अमापियानो या नृत्यसंगीतात गायली आणि 2020 मध्ये तिला अमेरिकेचा बीईटी पुरस्कार मिळाला, तेव्हा सगळ्या झिम्बाब्वेने ती आपली म्हणून आनंद साजरा केला. पाठिंबा द्यायचा तर तो कुणाला, हे राजधानीत बसून ठरणार असेल तर माझा त्या कर्तव्याला विरोध आहे.

दूरदेशी

सांजवेळ, हा मुद्दा माझ्या लेखात यायला हवा होता; माजायवाना यांचे उदाहरण तर माझ्याच म्हणण्याला बळ देणारे आहे. त्यांच्या गाण्यात कसली उणीव होती? पारंबी म्हणतात तशी काळजाला भिडणारी गाणी आपोआप तरत असती, तर एवढ्या ताकदीचा गायक गाणे सोडून गेला नसता. जी गाणी तरली तेवढीच आपल्याला दिसतात.

चित्रपटांचेही तेच. ‘कुक ऑफ’ हा 2017 चा झिम्बाब्वेचा चित्रपट जेमतेम आठ हजार डॉलरमध्ये तयार झाला. एका खऱ्या पाककला-स्पर्धेच्या कार्यक्रमाचे नेपथ्य वापरले गेले, आणि नटांनी व तंत्रज्ञांनी मानधन नंतर घेण्याचे मान्य केले. जून 2020 मध्ये तो नेटफ्लिक्सवर आला, तिथे पोहोचलेला त्या देशाचा पहिला चित्रपट म्हणून गाजला. आपण या गोष्टीला जिद्दीची कथा म्हणून टाळ्या वाजवतो. मला तीत हेही दिसते की, कलाकारांनी फुकट राबण्याची तयारी दाखवली नसती तर तो चित्रपट झालाच नसता.

गायकांच्या हक्काचे पैसे गोळा करायला ‘झिमुरा’ ही संस्था आहे. हॉटेल, दुकान, बस, नभोवाणी, जिथे गाणे वाजते तिथून परवाना शुल्क घ्यायचे आणि ते कलाकारांत वाटायचे, हे तिचे काम. थकबाकीच्या आणि तुटपुंज्या वाटपाच्या तक्रारी जुन्या आहेत. तिथे श्रोत्यांनी आवाज उठवावा, एवढे तरी कर्तव्य मानायला हरकत नसावी. त्यासाठी खिशात पैसे असावे लागत नाहीत.

पारंबी

झिमुराच्या मुद्द्यावर पूर्ण सहमत. तिथे आपले भांडण संपले. माजायवाना यांच्याबद्दल मात्र इतकेच म्हणेन की, त्यांना न मिळालेला आधार नभोवाणीने आणि कंपन्यांनी द्यायचा होता. रात्रपाळी करून घरी आलेल्या कामगाराकडे मी त्याचा हिशेब मागणार नाही.

मला आज जास्त काळजी वाटते ती दुसऱ्याच पाठिंब्याची. गेली काही वर्षे सत्ताधाऱ्यांच्या जवळचे श्रीमंत लोक गायकांना, विनोदी नटांना महागड्या मोटारी भेट देत आहेत आणि त्याची छायाचित्रे सगळीकडे फिरत आहेत. ज्या कलाकाराने आयुष्यभर हलाखी काढली, त्याने ती चावी घेतली म्हणून मी त्याला नावे ठेवणार नाही. पण त्याच देशात झिमडान्सहॉलचे गायक विंकी डी यांनी 2022 च्या अखेरीस तरुणांच्या लुबाडणुकीवर बोलणारी गाणी आणली, तेव्हा त्यांच्यावर बंदी घालण्याची मागणी झाली, आणि मार्च 2023 मध्ये हरारेजवळच्या चितुंगविझा येथे ते मंचावर गात असताना पोलिसांनी कार्यक्रम थांबवला. दोघेही स्थानिक, दोघेही लोकप्रिय. एकाच्या दारात मोटार, दुसऱ्याच्या मंचावर पोलीस.

रानवाट

पारंबी, मग उत्तर तुमच्याच उदाहरणात आहे. मोटारीची चावी नाकारायची हिंमत कलाकाराला कधी होईल? ज्याचे घर तिकीट काढणाऱ्या हजारो माणसांच्या पैशावर चालते, तोच एका धनिकाला नाही म्हणू शकतो. चितुंगविझातली गर्दी तिकीट काढूनच आली होती. दूरदेशी ज्याला कर्तव्य म्हणतात तो शब्द तुम्हाला जड वाटत असेल तर सोडून देऊ, पण ते तिकीट काढले जायला हवे, आणि जमेल त्याने ते काढावे असे उघडपणे सांगण्यात मला काही गैर दिसत नाही.